ओडेलचा जबडा

माजी सैनिक व्हर्लिन स्टॅम्परचा युद्धातल्या दुखापतीच्या भरपाईचा दावा दुसऱ्यांदा फेटाळला गेला तो त्याच्याच तोंडामुळे. इराकमध्ये गाडीखाली सुरुंग फुटला, कानातून रक्त वाहिलं, तरी पलटणीच्या डॉक्टरला गडी म्हणाला, "ठीक आहे, सर." झालं, नोंदच नाही. दाव्याच्या तपासणीतही डॉक्टरीणबाईंना तेच ऐकवलं. आमची केंटकीच्या डोंगरातली माणसं शवपेटीत घातली तरी दुखतंय म्हणायची नाहीत. मूर्ख मेले.

आता अपिलाला एकच आधार उरला होता: त्याला मार बसताना ज्यानं पाहिलं अशा सोबत्याचं लेखी निवेदन. त्या गाडीतून वाचलेला सोबती एकच, ओडेल क्रेस. आणि त्याचाच जबडा व्हर्लिननं दोन वर्षांपूर्वी पत्त्यांच्या डावावरून फोडला होता.

मुदतीला तीन दिवस उरले तेव्हा तो ओडेलच्या गॅरेजात गेला. ओडेलनं पाना खाली ठेवला आणि त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. व्हर्लिन टायरांवर कोसळला. मग बरगडीत दोन लाथा बसल्या. त्यानं हात उचलला नाही. उचलला असता तर ओडेल जिवानिशी गेला असता, हे दोघांनाही माहीत होतं.

"फिटलं?" व्हर्लिननं रक्त थुंकत विचारलं.

"कसलं फिटतंय. माझाच हात दुखायला लागला लेका. कागद आण इकडे."

घरी स्वयंपाकघरात व्हर्लिननं तो कागद बायकोला, रेटाला, वाचून दाखवायला घेतला. "स्फोटाआधी हा कुत्र्यालाही मारत नसे. स्फोटात याचं डोकं पत्र्यावर आपटलं, तासभर याला स्वतःचं नाव आठवेना. तेव्हापासून याचं डोकं फिरतं. मी शिडीवरून पडलो म्हणून दवाखान्यात सांगितलं, ते खोटं. माझा जबडा यानंच मोडला. एक्स-रे जोडला आहे."

तो थांबला.

"पुढे वाच," रेटा म्हणाली.

"पुढे काही नाही."

तिनं कागद ओढून घेतला. पुढे एक ओळ होती: रेटाचा हातही दारात सापडून मोडला नव्हता.

व्हर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हे नाही पाठवायचं. गाव काय म्हणेल? खड्ड्यात गेलं अपील."

"गावाला केव्हाचं ठाऊक आहे," रेटा म्हणाली. "जिंकलास तर सरकारी खर्चानं डोक्यावर इलाज होईल. नाहीतर पुढच्या खेपेला माझी मान मोडशील."

तिनं पेन घेतलं आणि ओडेलच्या सहीखाली आपली हकीकत लिहायला सुरुवात केली. मनगट नीट वळत नव्हतं, त्यामुळे बराच वेळ लागला. तोवर व्हर्लिन समोर बसून एकेक अक्षर बघत राहिला.