कर्जतच्या बागेतले कोरडे कारंजे

मित्रांनो, मी कर्जत स्टेशनाजवळच्या बागेतले एक जुने कारंजे आहे. माझ्या अंगावर आता शेवाळही धरत नाही. मला कारंजे म्हणावे की नुसता दगड, असे कधीकधी माझे मलाच वाटते.

घाटातून आगगाडी सुरू झाली, त्यानंतर थोड्याच वर्षांत येसाजी पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले. चार मोर, त्यांच्या पायाशी कमळे आणि खाली गोल कुंड. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नळाने यायचे आणि मोरांच्या चोचींतून उडायचे. गाडी थांबली की प्रवासी मला बघायला उतरत. बाजाराला आलेल्या ठाकरणी मोळ्या उतरवून माझ्या काठावर टेकत. बागेचा माळी धोंडी आणि त्याची बायको सुंदरा तर रोज माझ्या शेजारीच भाकरी खात.

पुढे गाड्या वाढल्या. घाट चढणाऱ्या इंजिनांना पाणी पुरेना. एका उन्हाळ्यात माझा नळ तोडून त्यांच्या टाकीला जोडला. मोर कोरडे पडले आणि माणसे माझ्याकडे फिरकेनाशी झाली.

मग रेल्वेचे एक साहेब आले. म्हणाले, "हे पाडा. दगड रुळांखालच्या मोरीच्या कामाला येतील."

धोंडी मुंडासे काढून पुढे झाला. "सायब, पाखरं येतात हितं. पानी मी भरीन."

"कुठून?"

"हिरीवरनं. रोज."

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिले आणि पाडायचा हुकूम न देताच ते निघून गेले. मी वाचले.

धोंडी शब्दाला जागला. विहिरीवरून कावडीने पाणी आणून तो कुंड भरी. बुलबुल आंघोळीला येत आणि तो बिडी ओढत त्यांच्याकडे बघत बसे. त्या वर्षांत माझे पाणी उडत नव्हते, पण मी एकटे नव्हते.

प्लेगच्या साली सारा गाव रानात झोपड्या बांधून राहायला गेला. बाग ओस पडली. काही दिवसांनी सुंदरा एकटीच आली. कपाळ पांढरे, डोक्यावर घागर. कुंडात पाणी ओतून ती काठावर बसली.

"आमचं धनी गेलं रं," ती मला म्हणाली. "मी भावाकडं कशेळ्याला चालले. आता तुला पानी घालाया कोनी नाय."

अजून थोडी बस, असे मला म्हणायचे होते. दगडाला वाचा कुठली? तिने पदराने एका मोराची मान पुसली आणि ती गेली.

पाखरे अजून येतात. काठावर बसून आत डोकावतात आणि उडून जातात.

मित्रांनो, माझा नळ परत द्या, असे मी म्हणत नाही. इंजिनांनाही तहान असते. पण तुमच्या गावात असे काही जुने, बंद पडलेले दिसले, तर पाडण्याआधी जरा थांबा. त्याच्यासाठी कोणीतरी रोज पाणी वाहत असेल. आणि तो माणूस येईनासा झाला असेल, तर एक घागर तुम्ही उचला.