खुर्ची जरा पुढे ओढा

मी एक जड खुर्ची आहे. सागवानाची, बिनहातांची, सरळ पाठीची. खडकी बाजारातल्या एका दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. तिथं जो तो आपलं दुखणं सांगायला येतो, म्हणून मी कधी बोलले नाही. आज बोलतेय. सावकाश बोलेन, चालवून घ्या.

मला हुसेन मिस्त्रींनी घडवलं. ते दारूगोळा कारखान्यात खोकी ठोकायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी अशी कामं करायचे. श्रीनिवास डॉक्टरांनी नवा दवाखाना काढला, तेव्हा मिस्त्रींनी मला हातगाडीवरून आणलं. डॉक्टरांनी मला उचलायला पाहिलं आणि परत खाली ठेवलं.

"अहो हुसेनभाई, मी खुर्ची सांगितली होती. हे तर कपाट झालं."

"हलकी केली असती डॉक्टरसाहेब, तर पेशंटांनी घरी नेली असती."

ते दिवस फार आठवतात. कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींची रांग दारावरून जायची. कंपाउंडर काचेच्या बाटलीत लाल औषध भरून तिला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. माझ्यावर बसलेलं माणूस आधी घरची हकिकत सांगायचं, ताप त्यानंतर. डॉक्टर दोन्ही ऐकून घ्यायचे.

त्यांची एक खोड होती. म्हातारं माणूस यायचं असलं की ते मला भिंतीला लावून ठेवायचे आणि आल्यावर म्हणायचे, "या. खुर्ची जरा पुढे ओढा." स्वतः उठायचे नाहीत. बाजारात लोक म्हणायचे, "पुण्याचा डॉक्टर. फी घेतो आणि खुर्चीही आपल्यालाच ओढायला लावतो."

डॉक्टर मात्र चष्म्यावरून बघत असायचे. कोण एका दमात ओढतो, कोण मध्येच थांबतो, कोण बसल्यावर धापा टाकतो. या माणसाजवळ अजून किती वर्षं असतील, याचा अंदाज ते त्यावरून बांधायचे. नेमकं कुणालाच सांगता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण मोठं ऑपरेशन करावं की नाही, हे ठरवताना अंदाज लागतोच. ज्याचा फायदा दिसायला वर्षं जातात, तो त्रास थकल्या जिवाला कशाला द्यायचा, असं ते म्हणायचे.

पुढे हुसेन मिस्त्रीच म्हातारे होऊन आले, मोठं ऑपरेशन करून घ्यावं का ते विचारायला. त्यांनी मला ओढायला पाहिलं आणि मी हलले नाही. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी डॉक्टर उठले, आपलं स्टूल घेऊन भिंतीपाशी माझ्या शेजारी येऊन बसले.

"हुसेनभाई, ते ऑपरेशन राहू द्या. दुखणार नाही एवढं मी बघतो. घरी राहा, नातवंडांत."

मिस्त्रींनी माझ्या पाठीवर हात फिरवला. "जास्तच मजबूत केली हो मी हिला." दोघंही हसले. मिस्त्री आणखी एक रमजान आपल्या माणसांत काढून गेले.

आता दवाखाना डॉक्टरांची मुलगी हेमा चालवते. ती प्रश्नही विचारते. आंघोळ स्वतः करता का, घरचा हिशोब जमतो का, चौकापर्यंत चालता का. पण मला तिनेही भिंतीलाच लावून ठेवलंय.

एकदा तिच्याकडे सोजरबाई आल्या, हिंजवडीकडच्या. पूर्वी त्या पालेभाजीच्या पाट्या घेऊन बाजारात यायच्या. आता त्यांच्या शेतात कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब त्यांना मोठ्या गाडीतून घेऊन आले. सोजरबाईंच्या छातीत वाईट गाठ निघाली होती. मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं होतं, गाठ सावकाश वाढणारी आहे, काढता येईल. पण यांना सोसेल का, उपयोग होईल का, हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा.

आत येताच आप्पासाहेबांनी मला उचलून पुढे आणलं आणि आईला दंडाला धरून बसवलं. घरची रीतच तशी. म्हाताऱ्या आईला कशाला हात लावू द्यायचा नाही.

"आंघोळ स्वतः करतात?" हेमाने विचारलं.

"छ्या. दोन सुना कशाला हायत?"

"पैसे, हिशोब?"

"आम्ही बघतो की सगळं."

"चालणं?"

"दारात गाडी हाय, डॉक्टरताई."

हेमाचा चेहरा उतरत गेला. या उत्तरांवरून सोजरबाईंचे दिवस थोडेच दिसत होते. म्हणजे ऑपरेशनचा त्रास तेवढा पदरात पडायचा. आप्पासाहेबही म्हणाले, "मंग चिरफाड नको. हाय तेवढे दिवस सुखात ठेवू आईला."

हेमाने पेन खाली ठेवलं. "त्यांना हे जमत नाही, की तुम्ही करू देत नाही?"

उत्तर सोजरबाईंनी दिलं. "करू देत न्हाईत. बादलीला हात लावला तर धाकटी सून रडती. लोक तिला नावं ठेवतील म्हणती."

हेमाने त्यांना उठवून मला परत भिंतीला लावलं आणि ओढायला सांगितलं. मी थोडी सरकले आणि थांबले. सोजरबाई मटकन माझ्यावर बसल्या. "सवय मोडली गं पोरी."

हेमाने महिनाभर थांबायला सांगितलं. तेवढं थांबलेलं चालणार होतं. आंघोळ त्यांची त्यांनी करायची, देवळापर्यंत चालायचं, भाजी स्वतः घ्यायची. "लाडाने अशक्त झाल्या असतील तर सुधारतील. आतूनच थकल्या असतील तर तेही कळेल."

महिन्याने दोघं परत आली. आप्पासाहेब हात पाठीमागे घट्ट धरून दारात उभे राहिले. आई वाकली तसे ते पुढे झाले, आणि पुन्हा मागे सरले. सोजरबाईंनी मला टेबलापर्यंत ओढलं. दम लागला. बसून त्यांनी पदर सारखा केला.

"आता खरं सांग पोरी. किती दिस हायत माझं? ही माणसं माझ्यापुढं बोलत न्हाईत."

"नक्की कुणालाच माहीत नसतं, आजी. पण तुमच्या वयाच्या अशा हिंडत्याफिरत्या बायका बहुतेक पाच-सहा वर्षं काढतात. गाठ त्याआधीच त्रास देईल."

सोजरबाईंनी विचार केला. "मंग काढून टाका. एवढी वर्सं तिला कशाला पोसू?"

आप्पासाहेबांना हसू आलं, आणि मग ते भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिले.

गाठ काढली. सोजरबाई सुखरूप घरी गेल्या. नंतर कितीतरी वेळा त्या येऊन माझ्यावर बसल्या, आणि आजकालची मेथी कशी जून असते ते हेमाला सांगत राहिल्या.

मग एक दिवस आप्पासाहेब एकटेच आले. "आई गेली परवा. झोपेत. गाठीनं न्हाई." ते बराच वेळ माझ्यावर बसून होते. "त्या दिवशीबी आंघोळ तिची तिनंच केली. बंबात लाकडं मी घातली म्हणून मला रागावली." हेमाने बाहेरच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं.

आता माझाही एक पाय आखूड झालाय, खाली रबराचा तुकडा लावलाय. बाहेर प्लास्टिकच्या हलक्या खुर्च्या आल्यात. तरी मी भिंतीपाशी आहे. तुमच्या घरचं म्हातारं माणूस घेऊन कधी इकडे आलात, तर दारात त्यांचा हात सोडा. फार लांब जाऊ नका, पण हात सोडा. त्यांना माझ्यापर्यंत एकट्याने येऊ द्या. आम्हा दोघांनाही घाई नसते.