सुरयांच्या बेटाकडे जाणारी काहील

मी एक जुनी काहील आहे. मित्रांनो, गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ना, ती लोखंडाची मोठी, पसरट कढई. लोहाराने पत्रे ठोकून मला घडवले. कितीतरी हिवाळे मी चुलाणावर बसले. माझ्यातल्या गुळाचे नाव पार बीडच्या बाजारापर्यंत होते. पुढे गुऱ्हाळ बंद पडले आणि मी बाभळीखाली गंजत राहिले.

तिथून मला अंगदने उचलले. आमच्याकडे धरणाच्या फुगवट्यात जुन्या काहिली होडीसारख्या चालतात. अंगद मासे धरी. त्याची चुलतबहीण सायली अंबाजोगाईला प्राणिशास्त्र शिकून आली होती. माघात पाणी ओसरले की फुगवट्यात वाळूचे एक बेट उघडे पडते. तिथे नदी सुरय नावाची पाखरे अंडी घालतात. काळी टोपी, पिवळी चोच, पांढरेशुभ्र पोट. त्या अंड्यांतून पिल्ले निघतात का, हे सायलीला पाहायचे होते.

पहिल्या दिवशी मला पाहून सगळा थवा ओरडत उठला. सायलीने मला लांबच थांबवले. मग रोज थोडे थोडे जवळ. होळीपर्यंत पाखरे माझ्याकडे मान वळवूनही पाहीनाशी झाली. एवढा मान मला गुळानेही दिला नव्हता.

"दादा, आता पुढं नको," सायली म्हणाली.

"कावून? पाखरं तर हलत बी न्हाईत."

"म्हणूनच नको."

ऊन चढले. एक सुरय पाण्यावर झेपावला, पोट भिजवून आला आणि अंड्यांवर बसला.

"ऊब द्यायला न्हाई बसला, गार ठेवायला बसलाय," सायलीने सांगितले. "अंडी उघडी पडली, तर आतल्या आत शिजतील. दादा, बेटाचं कुणाला सांगू नकोस."

"मी कावून सांगू? बेट काय माझ्या बापाचं हाय?" अंगद हसला.

शिजणे म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको होते.

सायली बीडला गेली, त्याच दिवशी भर दुपारी अंगदने गावचे पुढारी बंकटराव यांना माझ्यात बसवले. वाढदिवसासाठी त्यांना पाखरांसोबत व्हिडिओ हवा होता.

"पाखरं उडून गेली तर बे?" बंकटरावांनी विचारले.

"बिनधास्त चला, साहेब. ही काहील त्यांच्या वळखीची हाय. एक बी उडणार न्हाई."

आणि खरेच, मी वाळूला टेकेपर्यंत एकही उडाला नाही. मग बंकटराव खाली उतरले. सुरय आकाशात आक्रोश करत राहिले, खाली व्हिडिओ पुन्हा पुन्हा काढला गेला आणि अंडी उन्हात पडून राहिली.

त्यांतून एकही पिल्लू निघाले नाही.

वाढदिवसाचा व्हिडिओ सायलीपर्यंतही पोचला. त्यात मागे मी दिसत होते. ती अंगदसमोर येऊन उभी राहिली.

"लई मोठे लोक हायेत ते. न्हाई कसं म्हणू, सायले?"

"बंकटराव परके होते, दादा. पाखरांच्या ओळखीची ही काहील होती. आणि माझ्या ओळखीचा तू."

तिने एकटीने मला काठावर ओढून पालथे घातले.

यंदाही सुरय आले. परवा गावातल्या दगडाबाईंनी शेळ्यांना पाणी पाजायला मला सुलटे केले. माझी गोल कड दिसली मात्र, बेटावरचा सगळा थवा ओरडत उठला.

मित्रांनो, एखादे पाखरू तुम्हाला पाहून उडाले नाही, तर आहात तिथेच थांबा. त्याने तुमच्यावर टाकलेला विश्वास दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका. आणि कधी इकडे आलात, तर मला पुन्हा पालथे घालून जा.