भाऊजींचं काय करायचं

माझ्या सासरच्या आडनावाचे मंडळ एका चष्म्यामुळे स्थापन झाले. माझे थोरले मेहुणे औषधविक्रेते. त्यांनी नवा चष्मा करायला टाकला होता. दुकानदाराने आडनाव पुकारले, मेहुणे पुढे झाले आणि मिळाला तो चष्मा घालून घरी आले. पुढचे काही दिवस ते जिन्यातल्या पायऱ्या चुकत होते आणि गिऱ्हाईक समजून वजनकाट्याशी बोलत होते. मग दुकानदाराचा निरोप आला की त्याच आडनावाचे दुसरे एक गृहस्थ तुमचा चष्मा घालून गावभर धडपडत आहेत, कृपा करून येऊन जा.

दोघे दुकानात भेटले. भेटले तेव्हा दोघांच्याही डोळ्यांवर एकमेकांचे चष्मे होते, त्यामुळे समोरचा माणूस फार धूसर दिसत होता. त्या धूसर चेहऱ्यात दोघांनाही आपापल्या वडिलांचा तोंडावळा दिसला. गळाभेट झाली, डोळे पाणावले, मंडळ काढायचे ठरले. चष्मे अदलाबदल करून झाल्यावर दोघांनी एकमेकांकडे पुन्हा नीट पाहिले तेव्हा म्हणण्यासारखे साम्य उरले नव्हते. पण तोवर फार उशीर झाला होता. त्या दुसऱ्या गृहस्थांना सगळे चष्मेवाले काका म्हणू लागले होते.

पहिले संमेलन औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही जण खोक्यांवर बसले. खोक्यांवर ‘हळू हाताळा’ असे छापलेले होते, पण तिकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढच्या वर्षी काकांनी आपल्या बाजूची माणसे आणली, तेव्हा शाळेचे सभागृह घ्यावे लागले. मग बाहेरून फोन येऊ लागले. “आमचंही आडनाव हेच आहे, आम्ही येऊ का?” थोरले मेहुणे त्यांची एकच परीक्षा घेत. ते फोन कानापासून हातभर लांब धरत. तरीही नीट ऐकू आले तर माणूस आपला.

या परीक्षेत अर्थ होता. त्या आडनावाची खूण नाकाडोळ्यांत नाही, आवाजात आहे. ही माणसे सगळी एकदम बोलतात. ज्याला ऐकायचे असते तोही बोलता बोलताच ऐकतो.

माझी बायको त्यांच्यातलीच. मी छापखान्यात मुद्रिते तपासायचो. दिवसभर तोंडातून शब्द निघत नसे, आणि घरी आल्यावर निघायची गरज पडत नसे. माझ्या वाटचेही तीच बोलायची. कोणी मला “तब्येत कशी आहे?” असे विचारले तर उत्तर ती द्यायची, आणि मी दिले असते त्याहून बरे द्यायची. संमेलनात ती एकदा आत शिरली की मला संध्याकाळीच परत मिळे. तोवर मी मागच्या दाराजवळ, पंख्याखाली, जावयांच्या कोपऱ्यात बसे. शेजारी नेहमी एक दंतवैद्य असत, चष्मेवाल्या काकांचे जावई. “इथे बरं वाटतं,” ते म्हणत. “कोणाला आ करा म्हणून सांगावं लागत नाही.”

ही गेली त्यानंतरच्या संमेलनाला जावे की नाही, मला कळत नव्हते. धाकटा मेहुणा गाडी घेऊन दारात आला आणि हॉर्न वाजवू लागला, म्हणून गेलो. कोपऱ्यात बसलो, डोळे मिटले, आणि दचकलो. चहाच्या टेबलापाशी ही बोलत होती. मग व्यासपीठाकडून बोलली. मग जिन्यात कोणाला तरी रागावली. डोळे उघडले तर तिची चुलतबहीण, तिच्या भावाची मुलगी, आणखी कोणी कोणी. शब्द त्यांचे, पण आवाज तोच, वाक्याच्या शेवटी चढणारा. मी पुन्हा डोळे मिटले. दंतवैद्यांना वाटले मला झोप लागली, त्यांनी माझ्या हातातला कप अलगद काढून घेतला.

तेव्हापासून वर्षातला तो एक दिवस सोडून बाकीचे दिवस मी कसेबसे ढकलतो. हे मी कोणाला सांगितले नाही. असल्या गोष्टी सांगायला जो धीटपणा लागतो तो घरात तिच्याकडे होता.

मंडळ मात्र वाढतच गेले. गेल्या वर्षी माणसे ताटे घेऊन जिन्यात बसली. सभागृहाच्या व्यवस्थापकाने पुढच्या वेळी मैदान बघा असे सुचवले. शिवाय एक शोध लागला. गेली काही संमेलने पहिल्या रांगेत बसणारा, सगळ्यांच्या बाळांना मांडीवर घेणारा एक हसतमुख माणूस या आडनावाचा नव्हताच. त्याला नुसती गर्दी आवडायची. धाकटा मेहुणा वकील आणि मंडळाचा चिटणीस. त्याने मनावर घेतले.

एक दिवस त्याचा फोन आला. “भाऊजी, तुम्ही भाषेतले. सभासदांचा नियम केलाय. ऐका आणि सांगा.” तो वाचू लागला. “‘जन्माने अथवा विवाहाने हे आडनाव लावणाऱ्या व्यक्ती मंडळाच्या सभासद असतील. विवाहित कन्या सभासद राहतील. कन्यांचे पती त्यांच्यासमवेत संमेलनास उपस्थित राहू शकतील. अन्य कोणासही प्रवेश असणार नाही.’ कसं वाटतंय?”

मी ‘त्यांच्यासमवेत’पाशी अडकलो होतो. मी आता कोणासमवेत जाणार?

“ते… समवेत…” मी म्हणालो.

“बोजड आहे ना? मलाही खटकतच होतं. ‘सोबत’ करतो. वा भाऊजी! म्हणून तर तुम्हाला फोन केला.” आणि त्याने फोन ठेवला.

त्याच्या लक्षात आले नव्हते, याची मला खात्री आहे. पण लक्षात आणून द्यायचे म्हणजे “मला बाहेर काढू नका” असे म्हणायचे. ते तोंडाने म्हणता येईना. मी आठवडाभर आरशासमोर प्रयत्न केला. मग थोरल्या मेहुण्यांना समोरासमोर विचारावे म्हणून त्यांच्या दुकानात गेलो.

“या भाऊजी! काय होतंय?”

“होत काही नाही. मला जरा विचारायचं होतं…” धीर यावा म्हणून मी खाकरलो.

“खोकला! कधीपासून?”

“नाही हो, ते संमेलनाचं…”

“संमेलनापर्यंत ठणठणीत करतो तुम्हाला. अगदी काळजी करू नका.”

मी खोकल्याचे औषध घेऊन घरी आलो. मेहुण्यांनी सक्त ताकीद दिली होती म्हणून काही दिवस घेतलेही.

यंदाच्या संमेलनाला मी शेवटचे म्हणून गेलो. नियम मंजूर होईपर्यंत आत बसायला हरकत नव्हती. दारात शिरलो तेव्हा आतून लाट आल्यासारखा आवाज अंगावर आला. कोपऱ्यात जाऊन डोळे मिटले. आज डोळे उघडायचेच नाहीत असे ठरवले होते.

दुपारी धाकट्या मेहुण्याने माइकवर नियम वाचला. त्याला माइक देणे म्हणजे धबधब्याला नळ जोडण्यासारखे आहे, पण रीत म्हणून देतात. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबून बडबड पुन्हा सुरू व्हायच्या मधल्या फटीत माझ्या शेजारून दंतवैद्यांचा आवाज आला. “अहो, पण मग ह्यांचं काय?”

सगळे सभागृह मागे वळले. मला खुर्चीखाली जावेसे वाटले, पण गुडघे साथ देणार नव्हते.

“कोणाचं काय?” थोरले मेहुणे.

“ह्यांचं. हे आता कोणासोबत येणार?”

एकदम गलका उडाला.

“भाऊजी बाहेर? कोण म्हणतंय?” थोरले मेहुणे व्यासपीठावरून गरजले.

“तू म्हणतोयस, दादा! खाली तुझी सही आहे!”

“वाचायला वेळ दिलास का तू? सही कर, सही कर! मग घाल ना अपवाद.”

“एकाला घातला की दहा जण उभे राहतील. त्या गर्दीवाल्याला काढलं तेव्हा तोही रडला होता. माणूस सज्जन होता बिचारा!”

“पण भाऊजी तर कधी रडलेही नाहीत!” कोणीतरी माझ्या बाजूने बोलले.

चष्मेवाले काका उठले. “सोपं आहे. दत्तक घ्या. आडनाव लागलं की संपलं.”

“कोण घेणार?”

“मी घेतो. मला कुठे मुलगा आहे?”

“काका, ते तुमच्याहून मोठे आहेत!”

“मग चांगलंच की. शिक्षणाचा खर्च नाही, आणि उलट उत्तर देणार नाही.”

“सासरेबुवा,” माझ्या शेजारून दंतवैद्य क्षीण आवाजात म्हणाले, “मला जरा विचार करायला वेळ द्या.”

“कायद्यात बसत नाही,” धाकटा मेहुणा म्हणाला. तो आता घामाघूम झाला होता.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. “मग शिट्टीबाईंशी लावून द्या ना लग्न! कन्येचे पती झाले की आपोआप आत!”

शिट्टीबाई म्हणजे माझी मेहुणी, हिची धाकटी बहीण. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. सभागृहात कौतुकाची कुजबुज पसरली. म्हणजे बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल अशी. थोरल्या मेहुण्यांचा चेहरा तर उजळला. काका मला हातवाऱ्यांनी उभे राहा म्हणून खुणावू लागले.

मेहुणी उठली. तिला माइक लागत नाही. “मला विचारलंत कोणी?”

“विचारतोच आहोत!”

“ह्यांच्या एका दिवसाच्या जेवणासाठी मी वर्षभर ह्यांची पुस्तकं झाडायची? मी उजाडायच्या आत मैदानावर असते. हे दिवा लावून वाचत बसतात आणि पान उलटताना ‘हं’ म्हणतात. ताईनं सगळं सांगितलंय मला. दर पानाला ‘हं’! भाऊजी, राग मानू नका.”

“छे छे,” मी म्हणालो.

“सुटल्यासारखा चेहरा करू नका,” दंतवैद्य कानाशी पुटपुटले. “बरं दिसत नाही.”

मेहुणीचे संपले नव्हते. “दत्तक काय, लग्न काय! ह्यांना काय हवंय ते विचारलंत का? इतकी वर्षं येतायत. एकदा तरी एकानं विचारलंय?”

सगळे गप्प झाले. खरोखर गप्प. पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. माइक हातोहात मागे सरकत माझ्यापर्यंत आला. मी तो उलटा धरला होता, दंतवैद्यांनी सुलटा करून दिला.

आरशासमोर पाठ केलेले एकही वाक्य आठवेना. ही असती तर तिने एव्हाना माझ्या वतीने सगळे सांगून टाकले असते. सभागृह वाट पाहत होते. माझी एवढी वाट कोणी कधी पाहिली नव्हती, आणि मला वाटले, आता काही बोललो नाही तर ही माणसे स्वतःच काहीतरी समजून घेतील आणि पुढे जातील.

“मी ऐकायला येतो,” मी म्हणालो.

“काय ऐकायला?” थोरल्या मेहुण्यांनी विचारले.

“तुम्हाला. सगळ्यांना. घरी… घरी फार शांत असतं हो.”

मी माइक दंतवैद्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घाबरून पुढच्या रांगेत दिला.

मेहुणी खाली बसली आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. तिला ते बराच वेळ सापडले नाही. मग थोरले मेहुणे, जणू काही कोणी फार मोठा मान दिला आहे अशा सुरात, म्हणाले, “आपलं ऐकायला येतात!”

“आपलं?” काका म्हणाले. “माझी बायकोसुद्धा ऐकत नाही.”

“मी सगळं ऐकते,” काकू म्हणाल्या.

“ऐकलंत? मधेच बोलली!”

हसण्याचा कल्लोळ झाला, आणि त्या कल्लोळात धाकट्या मेहुण्याने हातातल्या कागदावर काट मारली. “‘सोबत’ काढून टाकतो. कन्यांचे पती उपस्थित राहू शकतील. पूर्णविराम. बाकीचं मैदान बघून ठरवू.” मग माझ्याकडे पाहून, “भाषेच्या दृष्टीनं ठीक आहे ना, भाऊजी?” असे त्याने विचारले. त्याचा आवाज जरा खाली आला होता. मी मान डोलावली.

“मैदान घ्यायचं तर मुलांना सुट्टी लागली की लगेच,” मेहुणी म्हणाली.

“उन्हात? माणसं भाजून निघतील! थंडीत ठेवा.”

“थंडीत सांधे धरतात!”

“सांध्यांचं माझ्यावर सोडा,” थोरले मेहुणे म्हणाले.

सगळे पुन्हा एकदम बोलू लागले. मी डोळे मिटणार इतक्यात थोरले मेहुणे ओरडले, “भाऊजी, तुम्ही सांगा!”

“मला थंडीतलं बरं वाटतं,” मी म्हणालो.

“बरं वाटतं!” मेहुणी ताडकन उठली. “तुम्हाला काय कळतंय त्यातलं? मैदानावर उभं राहून बघितलंय कधी थंडीत? पुस्तकात वाचलं असेल! गप्प बसा!”

मी थिजलो. लग्न झाल्यापासून या घरात मला कोणी “गप्प बसा” म्हणून दरडावले नव्हते. जावयाला चहा विचारतात, खुर्ची देतात, “तुम्ही म्हणाल तसं” म्हणतात. शेजारी दंतवैद्य कप सावरत सभ्यपणे बसले होते, आणि त्यांच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत थोडा हेवा होता असे मला वाटले, पण अशा बाबतीत मी चुकू शकतो.

“मंडपात शेकोटी करता येईल,” मी म्हणालो. कोणाला ऐकू गेले नाही.

मी खुर्ची पुढे ओढली आणि तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हटले.

“आग लागली म्हणजे?” मेहुणीसकट तिघी एकदम माझ्या अंगावर आल्या.