डोळे बांधून बटण

धुलाईच्या कारखान्यातल्या मुकादमबाई दर सोमवारी कामगारांचे डोळे बांधायच्या आणि इस्त्रीचा रूळ बंद करायचं बटण चाचपडत शोधायला लावायच्या. मालकाच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "काम सोडून आंधळी कोशिंबीर कसली खेळताय?"

"हाताला सवय लागू द्या, साहेब," एवढंच म्हणून बाई पुढच्याचे डोळे बांधायच्या.

मग एकदा वाफेची नळी फुटली. पांढऱ्या वाफेत काही दिसेना, आणि मालकाची बाही तापलेल्या रुळात ओढली जाऊ लागली. तो ओरडला. तोच रूळ थांबला. वाफ विरली, तेव्हा बटणावर एकावर एक तीन हात होते. त्यांत बाईंचा नव्हता. बाई त्या दिवशी रजेवर होत्या.

सोमवारी मालक रांगेत सगळ्यांत पुढे उभा होता. "बाई," तो म्हणाला, "जरा घट्ट बांधा."