नववी नोंद

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी देस्पिना करासने ॲडलेडमधल्या त्या छोट्या चिप-कंपनीचे दार उघडले, किटली लावली, टोस्टवर व्हेजिमाइट फासले आणि रात्रभर चाललेल्या चाचण्यांचा निकाल पाहिला. चार हजार दोनशे चाचण्या, सगळ्या हिरव्या. वणव्याची सूचना देणाऱ्या चिपचा आराखडा दुपारी दोनला कारखान्याकडे जायचा होता. ही फेरी हुकली तर पुढची चार महिन्यांनी; म्हणजे या उन्हाळ्यात टेकड्यांवर यंत्रे बसणार नव्हती. तपासणीप्रमुख म्हणून देस्पिनाने कालच सही केली होती.

हाताशी वेळ होता, म्हणून ती नव्या मंडळींसाठी चाचण्या लिहिण्याच्या संगणकभाषेतल्या नियमांचे टिपण लिहायला बसली. ॲरेच्या, म्हणजे ठरावीक जागांच्या यादीच्या, कंसात आठ लिहिले तर जागा आठ. क्यूच्या, म्हणजे वाढत्या रांगेच्या, कंसात डॉलरच्या चिन्हापुढे आठ लिहिले तर तो शेवटच्या जागेचा क्रमांक. मोजणी शून्यापासून, म्हणून जागा नऊ. उदाहरणासाठी तिने स्वतःचीच फाइल उघडली, आणि टोस्ट हातातच राहिला.

ती फाइल म्हणजे चिपची नमुना-प्रत. चिपचे वागणे तिच्याशी ताडून पाहायचे. वणव्याच्या आठ नोंदी साठल्या की चिपने नववी नाकारायची होती. देस्पिनाने क्यूत डॉलरपुढे आठच लिहिले होते. तिची प्रत नववीही घेत होती.

"गॅव्हिन, इकडे ये. धावत ये!"

चिपचा हा भाग रचणारा गॅव्हिन ट्रेलोर लॅमिंग्टन केकचा ट्रे घेऊनच आला. "आज तरी छळू नकोस गं. आज सण आहे."

"नववी नोंद आली तर तुझी चिप काय करते?"

"नाकारते. तुझ्याच चाचण्या सांगतात तसं."

"माझ्या चाचण्या एवढंच सांगतात की आपलं दोघांचं एकमत आहे." तिने आठाचे सात केले. "आता बघ."

पडद्यावर ओळी पळू लागल्या. हिरवी, हिरवी, हिरवी. मग लाल.

"चाचणी पडली!" देस्पिना खुर्चीतून उसळली. "पडली रे, पडली!"

"हिचा आनंद बघा! माझं वाटोळं झालं आणि ही नाचतेय." पण त्यानेही खुर्ची ओढली होती. दहा मिनिटांत दोघांना माग लागला. चिप नववी नोंद मुकाट्याने घेत होती आणि ती पहिलीच्या जागी लिहीत होती.

"अगं, पहिलीच पुसली जाते! वणवा पेटतानाची!" गॅव्हिनने डोक्याला हात लावला, आणि त्याला हसूही आवरेना. "मी एकाने चुकलो, तूही नेमकी एकानेच. पत्रिका जुळवूनसुद्धा इतकं जमलं नसतं."

गलका ऐकून कंपनीची प्रमुख मॅरियन बाहेर आली. तिने सगळे उभ्याउभ्याच ऐकले. "आठाच्या वर नोंदी क्वचितच साठतील ना?"

"जोराच्या वाऱ्याच्या दिवशी साठतील," देस्पिना म्हणाली. "आपण ही चिप त्याच दिवसासाठी बनवतोय, मॅरियन."

मॅरियनने घड्याळाकडे पाहिले. "सही तुझी आहे. मी काही सांगणार नाही."

देस्पिनाने मंजुरीचा तक्ता उघडला. आपल्या नावासमोरची खूण काढली. कारणाच्या रकान्यात लिहिले: 'क्यूची मर्यादा मी चुकीची लिहिली. चिप नववी नोंद घेते आणि पहिली पुसते.' दोनदा वाचून तिने आराखडा थांबवण्याचे बटण दाबले.