धुतलेला एप्रन

माझी जीभ तिखट आहे, हे लोकांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी त्याचा अभिमानच बाळगून होते. कारखान्यातही आमच्या खोलीत माझाच दरारा. पिठातली पाखरं पकडायचे सापळे असतात ना, त्यांत ठेवायची रबराची टोपणं आम्ही भरतो. प्रत्येक टोपणात मादीच्या वासाचा एवढासा थेंब. रबर तो एकदम सोडत नाही, आठवडेच्या आठवडे जरा जरा सोडत राहतं. माणसाच्या नाकाला काही म्हणजे काही कळत नाही, नर मात्र वेडे होऊन येतात. खोलीतला कपडा बाहेर न्यायचा नाही, असा नियम आहे. नव्या मुलींना तो मीच दटावून सांगते.

माझ्या धाकट्या भावाची बेकरी आहे. भावाची म्हणजे नावाला, राबते ती भावजय. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मी तिकडे जाते, आतल्या खुंटीला पिशवी अडकवते आणि चहा होईपर्यंत सगळीकडे नजर फिरवते. गेले काही महिने दर वेळी तिथे पाखरं दिसायची. मग काय, मला निमित्तच मिळालं.

"अगं, पिठाचे डबे घासतेस की नाही कधी? माणसं खातात हे!"

"खरंच सांगते ताई, एरवी नसतात हो. तुम्ही येता तेव्हाच..."

"अस्सं! म्हणजे माझ्या स्वागताला येतात वाटतं?"

गिऱ्हाइकं हसली. भाऊही हसला. ती पुन्हा कधी तसं म्हणाली नाही. त्यानंतर मी यायच्या आत डबे घासून, फळ्या पुसून उभी असायची, आणि पाखरं असायचीच. शेजारी धान्याचं गोदाम आहे हे मला दिसत नव्हतं थोडंच! पण भावजयीला वळण लावायची संधी कोण सोडतं?

मग इस्पितळाला रोजचा पाव पुरवायचं काम चालून आलं. ते मिळालं तर बेकरी तरणार, नाहीतर कुलूप लावायची वेळ आली होती. इस्पितळाच्या बाई जागा बघायला येणार होत्या. मी म्हटलं, मी तिथे नसले तर हिचं काही खरं नाही. आमच्या खोलीतला एक पांढरा एप्रन गुपचूप उचलला. एकदा धुतला की गेला वास, असा माझा हिशेब. तरी दोनदा धुतला, कडक इस्त्री केली आणि तिच्या अंगावर चढवला. "निदान आज तरी नीटनेटकी दिस."

बाई खूश होत्या. चाळणी उचलून पाहिली, भट्टीमागे वाकून पाहिलं. तेवढ्यात एक पाखरू आलं आणि भावजयीच्या छातीवर बसलं. मग दुसरं. मग खिडकीतून येतच राहिली. नुसती बसली नाहीत, पंख फडफडवत एप्रनवर गोल गोल चालायला लागली.

ते चालणं मी कामावर काचेच्या पेटीत रोज बघते. नर मादीला शोधताना तसाच चालतो. हा एप्रन. आणि त्याआधी इतके महिने खुंटीवरची माझी पिशवी, जी रोज कामाच्या टेबलाखाली पडलेली असते.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, पण दुकानात तीच गिऱ्हाइकं उभी होती, आणि माझी तिखट जीभ टाळ्याला चिकटली. बाईंनी हातातला पाव खाली ठेवला. तेवढ्यात भावजयच बोलली.

"चूक माझीच आहे बाई. ताई कधीच्या सांगत होत्या. रोज घासते, पुसते, पण माझ्यातच काहीतरी घाण आहे."

तिला ते पटलं होतं. मी पटवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिच्या अंगावरचा एप्रन मी ओढूनच काढला, स्वतः घातला आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले. पाखरं तिला सोडून माझ्यामागे आली. मग तिथूनच, ज्या आवाजात तिला बोलायचे त्याच आवाजात, सगळं सांगितलं. पिशवीचं, एप्रनचं, नियमाचं. कोणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. कोणी हसलं नाही. भाऊ मान खाली घालून उभा होता.

"मी पुन्हा येते," बाई म्हणाल्या. "या नसतील त्या दिवशी."

त्या आल्या आणि काम मिळालं. मी आता पिशवी न घेता जाते, तरी उंबरा ओलांडत नाही, बाहेर फुटपाथवरच थांबते. भावजयीची हात जोडून माफी मागितली, तर म्हणाली, "असू द्या हो ताई, तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?" मनापासून म्हणाली. म्हणजे आता सगळं मिटलं, असं मी धरून चालले होते.

काल ती चहा घेऊन बाहेर आली. कप माझ्या हातात देण्याआधी तिने तो कट्ट्यावर ठेवला आणि दोन्ही तळवे उलटसुलट करून मला दाखवले.

"धुतलेत हं, ताई."